बिनकेबलची कुस्ती

"माझी तार कुणी कापली?"

बापूराव भोईटे गिरणीच्या दारात उभे राहून गरजले. हातात काळ्या केबलचं वेटोळं होतं. हिंगणमाळात घरोघरी टीव्ही चालायचा तो बापूंच्या केबलवर. गिरणीचा गाळाही बापूंचाच. त्यात सोजर दळण दळायची.

सोजरनं चक्की थांबवली. पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं.

"मीच कापली, बापू. नीट गुंडाळून तुमच्या ओट्यावर ठेवली. वाया कशाला जायची?"

"आणि टीव्ही? त्याची आता पूजा करणार काय?"

"चालतोय की! गल्लीत तीन घरांनी मिळून इंटरनेट घेतलं. टीव्हीच्या पाठीला एवढीशी डबी लावली. हवं ते बघायचं, हवं तेव्हा बघायचं. तुमच्या निम्म्या पैशात भागतंय."

झोंबलं ते हेच. सोजरचं बघून गल्लीतली बाकीची घरंही तार गुंडाळायला लागली होती. दळणाला आलेल्या बाया कान देऊन उभ्या. त्यांच्यापुढं माघार घेतील ते बापू कसले?

"जत्रेची कुस्ती दिसते का तुझ्या डबीत?"

सोजरनं बायांकडं पाहिलं. हिंगणमाळच्या बाया कुस्तीच्या फडात जात नसत. तशी रीतच होती. त्या कुस्ती बघायच्या टीव्हीवर, बापूंच्या गावच्या चॅनेलवर. ते चॅनेल केबलशिवाय दिसत नव्हतं.

बापूंनी मिशीवर हात फिरवला.

"का? दातखीळ बसली? उद्याची कुस्ती डबीत दाखव. फडात कॅमेरा फक्त माझा. बाकी सगळ्यांचे मोबाइल तोंडाशीच पोत्यात टाकायला लावीन! दाखवलीस, तर या गाळ्याचं भाडं तू जिवंत आहेस तोवर माफ. नाही दाखवलीस, तर परवा गाळा मोकळा कर!"

चक्की गेली तर सोजरनं खायचं काय? तिच्या नवऱ्याच्या माघारी त्या चक्कीवरच घर चालत होतं.

"कबूल," सोजर म्हणाली. "पण बापू, शब्द पक्का? फडात कॅमेरा फक्त तुमचा?"

"फक्त माझा! भोईट्याची जबान आहे!"

बापू गेले. सोजरनं उरलेली बाजरी दळून दिली आणि नाशिकला फोन लावला. तिकडं बापूंची एकुलती एक लेक पद्मिनी नांदत होती. दोघी लहानपणच्या मैत्रिणी. पद्मिनीला सातवा महिना होता. डॉक्टरनं प्रवास बंद केला होता, म्हणून यंदा जत्रेला येणं चुकलं होतं. आणि बापूंची केबल काही नाशिकपर्यंत जात नव्हती.

"पमे, उद्याची कुस्ती बघायचीय का?"

"बघायचीय म्हणजे? जीव तुटतोय गं! पण दाखवणार कोण?"

"तुझा बाप. त्यांच्याकडं हट्ट धर. बाकीचं सांगते, ऐक."

दुसऱ्या दिवशी दुपार टळली. फडात हलगी कडाडली. इकडं सोजरनं टीव्ही उचलून गिरणीच्या दारात मांडला. समोर सगळी गल्ली बसली. पडदा काळाच.

"अगं, दिसणार कधी?" म्हातारी गजरामावशी करवादली. "नारळाच्या बक्षिसाच्या पोराटोरांच्या कुस्त्या संपल्या असतील!"

"दम धरा, मावशी."

"दम धरून काय करू? मी घरी केबलवर बघते कशी!"

मावशी उठली आणि सोजरचा मोबाइल वाजला. नाशिकहून पद्मिनीनं तिला चालू व्हिडिओ कॉलमध्ये जोडून घेतलं होतं. सोजरनं मोबाइलचं चित्र टीव्हीवर घेतलं. आधी दिसला एक भलामोठा अंगठा.

"हा कुठला पैलवान?" मावशी बसली.

"बापू, बोट बाजूला घ्या!" पद्मिनीचा आवाज आला. अंगठा सरकला. तांबडी माती दिसली. दोन पैलवान एकमेकांच्या मानेला भिडलेले दिसले. गल्लीनं टाळ्या पिटल्या! एवढंच नाही, तर चित्रामागून बापू लेकीला डाव समजावून सांगत होते.

"बघ पमे, आता पोकळघिस्सा मारतोय. मारला! लेकी, मारला!"

केबलवर असं कधी ऐकायला मिळालं नव्हतं. केबलवाल्या घरांतल्या बायाही येऊन बसल्या.

निकाली कुस्तीची जोडी फडात उतरली, आणि कुणीतरी जाऊन बापूंच्या कानात बातमी सांगितली. ते शब्दही गिरणीपुढं ऐकू आले.

"बापू, सोजरच्या टीव्हीवर कुस्ती चाललीय!"

"काय?"

टीव्हीत फड गोल फिरला. मग माती दिसली, धोतराचा सोगा दिसला, कोल्हापुरी चपला दिसल्या. चपला धावत सुटल्या. रागाच्या भरात बापू कॉल बंद करायचा विसरले होते!

"मारुतीचं देऊळ आलं!" गल्ली ओरडली. "आता पाराजवळ! आले, आले, वळणावर आले!"

टीव्हीत गिरणी दिसली. गिरणीपुढं बसलेली गल्ली दिसली. बापू धापा टाकत समोर उभे.

"कोण तो चोर? कुणी मोबाइल नेला फडात? नाव सांग त्याचं!"

"बापू, शब्द तुम्ही पाळलात," सोजर म्हणाली. "मी फडात कॅमेरा नेला नाही, माणूस पाठवला नाही. कॅमेरा फक्त तुमचाच होता. तो बघा तुमच्या हातात!"

बापूंनी हाताकडं पाहिलं. मग टीव्हीकडं पाहिलं. टीव्हीत गजरामावशी बिनदाताची हसत होती. हात हलला, तशी मावशीही हलली.

टीव्हीतून पद्मिनी कळवळून ओरडली, "बापू! तिकडं निकाली कुस्ती लागली असेल आणि तुम्ही मला मावशीचं तोंड काय दाखवताय? पळा परत!"

बापूंचं तोंड आधी लाल झालं. मग मिशा थरथरल्या. मग पोट हललं, आणि असे हसले की चक्कीवरचं पीठ उडालं!

"हरलो! लेकीनं आणि हिनं मिळून मला चीत केलं. सोजरे, भाडं माफ, तू आहेस तोवर!" त्यांनी मोबाइल तिच्या हातात कोंबला. "आता चल फडात. आखाड्याच्या कडेला माझ्या खुर्चीवर बस आणि हे धर. माझा हात भरून आलाय!"

"पण बापू, बाया फडात—"

"ती रीत माझ्या केबलच्या जोरावर टिकली होती. केबल तू कापलीस, रीतही तुटली. चल!"

सोजर पुढं झाली. तिच्यामागं सगळी गल्ली निघाली. सगळ्यांत पुढं गजरामावशी पळत होती.