न धुता परत आण

एकदा एक शिक्षिका आपल्या वृद्ध गुरुजींकडे चाळणी, गाळणी, किसणी आणि लाटणं मागायला गेली. हसू नका, व्याकरणासाठीच हवं होतं ते. क्रियापदाला प्रत्यय लागून नाम कसं तयार होतं, हे तिच्या चौथीच्या मुलांना काही केल्या उमगत नव्हतं. फळ्यावर लिहून लिहून तिचा हात दुखला, मुलं आपली मख्ख. शेवटी तिने ठरवलं, वस्तूच हातात द्यायच्या. आणि तिच्या भाड्याच्या खोलीत होतं काय? एक पातेलं आणि दोन ताटल्या.

गुरुजी एकटे राहत. त्यांच्या पत्नीला, काकूंना, जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्या घरातली शेगडी पेटली नव्हती. शेजारून डबा येई, अर्धा तसाच परत जाई. माणूस दिवसेंदिवस वाळत चालला होता, पण सांगून ऐकतील तर ते गुरुजी कसले! काकूंची भांडी मात्र फळीवर ओळीने मांडलेली, लख्ख. दर रविवारी गुरुजी ती खाली काढून पुसत आणि पुन्हा जागच्या जागी ठेवत.

मागताना तिची जीभ अडखळली. गुरुजींनी चारही वस्तू पिशवीत घातल्या आणि दारापर्यंत येऊन म्हणाले, "एक कर. परत आणताना धुऊ नकोस."

"अहो गुरुजी, असं कसं?"

"सांगतोय ना, तसं कर."

दुसऱ्या दिवशी वर्गात धमाल उडाली. मुलांनी पीठ चाळलं, सरबत गाळलं, गाजरं किसली, पोळ्या लाटल्या. 'चाळ'ला 'णी' लागली, झाली चाळणी. 'लाट'ला 'णं' लागलं, झालं लाटणं. सगुणा नावाची एक पोर ओरडली, "बाई, मग ओढ, ओढणी!" मागून कुणीतरी म्हणालं, "आणि झोप, झोपणी!" वर्ग हसून लोळला. आठवडाभर न कळलेला धडा तासाभरात कळला.

संध्याकाळी ती भांड्यांपुढे विचार करत बसली. उसनं आणलेलं भांडं खरकटं परत करायचं? तिच्या आईने तिला असं वळण लावलं नव्हतं. पोरीला त्रास नको म्हणून गुरुजी तसं बोलले असतील, झालं. तिने सगळं घासूनपुसून चकचकीत केलं. भांडं रिकामं देऊ नये म्हणून चाळणीत गुळाचा खडा ठेवला आणि ती निघाली.

गुरुजींनी पिशवीतून आधी लाटणं काढलं. खिडकीशी जाऊन उजेडात धरलं. मुठीजवळ एक खाच असते, तिथे कणीक अडकून बसते. ती खाच त्यांनी बोटाने चाचपली. तिथे काही नव्हतं.

"धुतलंस," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"चुकलं का गुरुजी माझं?"

"तुझं नाही गं." ते खुर्चीत टेकले. "तू आज मुलांना काय शिकवलंस? आधी कुणीतरी लाटतं, म्हणून त्याला लाटणं म्हणायचं. बरोबर? माझ्या घरात तीन वर्षं नुसती नामं मांडून ठेवलीयत, बाळ. लाटणं आहे, लाटणारं कुणी नाही. मी ती पुसत राहिलो. वाटायचं, तिचंच काहीतरी करतोय. काल तू मागितलंस, तेव्हा मनात आलं, एकदा तरी याला पीठ लागलेलं बघू. ते धुवायला तरी मोरीपाशी बसू. घरात कुणी जेवून गेल्यासारखं वाटेल. फार एकटं वाटतं गं."

गुळाचा खडा चाळणीत तसाच होता. ती नमस्कार करून घरी आली.

रविवारी सकाळी गुरुजींच्या दारात तिच्याबरोबर वर्गातली अकरा मुलं उभी होती. कुणाच्या हातात पिठाची पुडी, कुणाकडे बटाटे. सगुणा सरळ आत घुसली आणि म्हणाली, "आजोबा, तवा कुठाय?"

शेगडी गुरुजींनीच पेटवली. तिसऱ्या काडीला पेटली. काही पोळ्या कच्च्या राहिल्या, काही करपल्या. गुरुजींनी अडीच खाल्ल्या.

मुलं गेल्यावर मोरीत खरकट्याचा ढीग पडला होता. शिक्षिका पदर खोचून उठली, तसे गुरुजी म्हणाले, "राहू दे. मी धुतो."

या वेळी तिने त्यांचं ऐकलं.