गेनू आणि सगळीकडे चालणारा नियम

एका गावात गेनू नावाचा एक भोळा गडी राहत होता. इतका भोळा, की "जरा थांब" म्हणून कुणी निघून गेलं, तर हा तिथंच थांबून राहायचा. त्याच्या आईला एकच घोर होता, याचं लग्न व्हायचं कसं?

शेजारचा मुकुंदा शहरात शिकत होता. सुट्टीला येताना त्यानं एक खेळ आणला. बसल्या जागी सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची. कुणी राजाचं सोंग घ्यायचं, कुणी भुताचं, कुणी चंद्रावर निघालेल्याचं. आपण काय करतो ते मोठ्यानं सांगायचं आणि फासा टाकायचा. चार किंवा जास्त पडले तर काम झालं, कमी पडले तर फसलं.

"गोष्ट कुठलीही असो," मुकुंदा म्हणाला, "नियम हाच. सगळीकडे चालतो."

गेनूनं मान डोलावली. पक्कं ध्यानात ठेवलं. एक फासाही मागून घेतला.

संध्याकाळी आईनं म्हशीची धार काढायला सांगितलं. गेनू गोठ्यात गेला, मोठ्यानं म्हणाला, "मी धार काढतो," आणि फासा टाकला. सहा पडले. त्यानं रिकामी चरवी आणून आईपुढं ठेवली.

"दूध कुठाय?"

"काढलं की. सहा पडले."

गोठ्यात म्हैस हंबरत होती आणि घरात आई.

मुकुंदानं समजावलं, की अरे, रोजच्या कामाला फासा लागत नाही. धोका असेल तिथंच टाकायचा. गेनूनं मान डोलावली. पक्कं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चुलत्याच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. गेनू भरली बादली घेऊन सगळ्यांच्या आधी पोचला. धोका तर समोरच दिसत होता. त्यानं बादली खाली ठेवून फासा टाकला. दोन पडले. "नाही विझली," म्हणून तो हळहळला आणि त्या पाण्यानं पाय धुऊन घरी आला.

मुकुंदानं कपाळावर हात मारला. अवघड प्रसंगी एकट्यानं काही करायचं नाही, सोबती घ्यायचे, असं बजावलं. गेनूनं मान डोलावली.

मग निमगावची कौसा पाहायला जायचं ठरलं. असं स्थळ पुन्हा येणार नाही, हे आई जाणून होती. प्रसंग अवघड आहे, हे गेनूही जाणून होता. त्यानं आळीतले झाडून सगळे सोबती नेले. कौसाच्या बापानं पोहे पाच जणांचे केले होते. ते खाताखाता बाप गेनूला जे विचारी, त्यावर गेनू सोबत्यांकडे बघे आणि त्याचा मित्र यशवंता उत्तर देई. यशवंता बोलायला गोड. कौसा मान खाली घालून ऐकत होती, अधूनमधून वर करत होती. तिनं होकार दिला. कुणाकडे बघून दिला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

त्या आठवड्यात खेळातला एक जण तापानं पडला. सोबती कमी आहेत म्हणून गेनू खेळेचना. मुकुंदा वैतागून म्हणाला, "जो हजर नाही, त्याचं सोंग दुसऱ्यानं वठवायचं. खेळ अडू द्यायचा नाही."

हेही गेनूनं पक्कं ध्यानात ठेवलं.

लग्नाचा दिवस आला. सुनेच्या स्वागताची तयारी करायला आई घरीच थांबली. मांडवात अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. तेवढ्यात मागून आचाऱ्यानं हाक दिली, की मठ्ठा चाखायला कुणीतरी या. कुणीच हललं नाही, तेव्हा गेनू हलला. जाताना त्यानं आपल्या मुंडावळ्या यशवंताच्या कपाळी बांधल्या.

"माझं सोंग घे जरा. खेळ अडायला नको."

यशवंतानं फार आढेवेढे घेतले नाहीत. अंतरपाट दूर झाला. कौसानं समोर पाहिलं आणि कुणी काही म्हणायच्या आत हार घालून मोकळी झाली. तिच्या बापानं ओरडायला तोंड उघडलं, पण त्याला पोह्यांचा दिवस आठवला आणि त्यानं ते मिटून घेतलं.

गेनू ओठावर मठ्ठा घेऊन परतला. "झालं का माझं लग्न?"

"झालं," यशवंता म्हणाला.

गेनू पोटभर जेवला आणि खुशीत घरी आला. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं, आई ओवाळणीचं ताट घेऊन उभी.

"सून कुठाय रं?"

"यशवंताच्या घरी गेली. तो माझं सोंग वठवतोय. लई झ्याक वठवतोय."

आईला सगळं कळायला थोडा वेळ लागला. मग ती मटकन खाली बसली आणि रडू लागली. "आता हे माप कोण ओलांडणार रं, माझ्या लेकरा?"

आईचं रडणं गेनूला बघवेना. त्यानं उपरण्याचा पदर डोक्यावरून घेतला, उजव्या पायानं माप अलगद लवंडलं आणि लाजत आत येऊन आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आले बरं का, सासूबाई."