कड्यावरच्या शेवग्याच्या शेंगा का तोडत नाहीत

कड्याच्या वाटेवर तो शेवगा दिसतोय ना, त्याच्या शेंगा आम्ही तोडत नाही. झाडावरच वाळतात, तडकतात आणि बी वाऱ्यावर जातं. शहरातली माणसं हसत हसत विचारतात, "आजी, ह्या शेंगांनी पुरुषाला खरंच जोर येतो का हो?" तुम्हीही तेच विचारलंत. मग बसा, आणि हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या.

फार मागची गोष्ट सांगतात. इथला रायाजी लग्नानंतर लगेच धाकट्या भावाला घेऊन मोहिमेवर गेला आणि एकटाच परत आला. भाऊ लढाईत पडला, एवढंच त्यानं सांगितलं. तेव्हापासून तो बायकोकडे, म्हाळसाकडे, पाठ करून निजायचा. अंगानं धडधाकट, कामाला वाघ, पण तिचा हात लागला तरी दचकायचा म्हणे.

दोन पावसाळे असेच गेले. मग सासूनं म्हाळसाला बजावलं, "आखितीच्या सणापर्यंत कूस उजवली नाही, तर मी दुसरी सून आणीन." म्हाळसाला माहेर उरलं नव्हतं. सवत आली तर तिनं जायचं कुठं?

सगळं गाव तिच्या मदतीला धावलं. मदत म्हणजे काय, तर खाऊ घालणं. कुणी मुसळीचं मूळ दुधात उकळून दिलं, कुणी उडदाचे लाडू, कुणी मधातला कांद्याचा रस. शेवगा तर घराच्या दारातच होता. तुम्ही बघताय तो त्याच्याच बियांचा. पारावरची माणसं विचारायची, "काय रायाजी, आज किती शेंगा?" तो मान खाली घालून हसायचा. ताटातलं सगळं संपवायचा, कारण टाकलं असतं तर बोल म्हाळसाला लागला असता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

आखिती तोंडावर आली तेव्हा एका सकाळी तो म्हणाला, "म्हाळसा, आज नुसती भाकर दे. आन् जरा बस इथं. बोलायचंय."

ती बसली नाही. आपल्याला टाकल्याचंच हा आता सांगणार, असं तिच्या मनानं घेतलं. "आधी जेवा, मग बोला," म्हणाली, आणि त्याच्या नकळत पिठात मुसळीची पूड मळली. पहिल्याच घासाला त्याला कळलं. तरी त्यानं भाकर संपवली, हात धुतला. ती म्हणाली, "काय बोलायचं व्हतं?"

"ऱ्हाऊ दे," म्हणाला, आणि कड्याच्या वाटेनं गेला. दुपारी गुराख्यांना टोकावर त्याचं पागोटं सापडलं.

पुढे मोहिमेतला एक सोबती चौकशीला आला, त्याच्याकडून सगळं कळलं. भाऊ जखमी होऊन पाणी मागत होता आणि रायाजीला त्याला तसाच सोडून पळावं लागलं होतं. ती हाक त्याला झोपू देत नव्हती.

म्हाळसा गावदेवीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या दारच्या शेवग्याची, न् त्याच्या बियांच्या झाडाचीबी शेंग कुणाच्या ताटात पडायची न्हाई. आन् नव्या सुनेनं पहिलं ताट वाढायच्या आधी नवऱ्याला इचारायचं, मनात काय हाय? त्यो सांगंस्तवर वाढायचं न्हाई."

गावानं ते पाळलं. आजही लग्नानंतर नवी सून ताट हातात धरून विचारते, "मनात काय हाय?" दारात पाहुणे उभे असतात, करवल्या खिदळत असतात. नवरा म्हणतो, "काही न्हाई," आणि ती वाढते.

मीही विचारलं होतं. आमचे हेही तेच म्हणाले. संसार झाला, लेकरं झाली, जावई आले. कधी कधी पहाटे ते ओट्यावर एकटेच बसलेले दिसायचे. मी चहा करून द्यायचे, ते प्यायचे. गेल्या माघात वारले. त्यांच्या मनात काय होतं, ते मला ठाऊक नाही.