आबासाहेबांसाठी पाहिलेलं विमान

एका माळावरच्या गावात आबासाहेब कडोले नावाचे कारखानदार राहत होते. ते पाण्याचे पंप बनवत. त्यांचे पंप समुद्रापार जात आणि जिथे पाणी पार खोल गेलंय अशा कोरड्या मुलखांतल्या विहिरींवर बसत.

आबासाहेबांच्या घराण्याचा एक रिवाज होता. नव्या मुलखात पहिला पंप बसला की मालकानं स्वतः तिथे जायचं आणि निघालेल्या पाण्याची पहिली ओंजळ सगळ्यांदेखत प्यायची. पाणी वाईट निघालं तर आधी मालकाचं पोट दुखावं, असा त्यामागचा सरळ विचार. आबासाहेबांनी हा रिवाज कधी मोडला नाही. त्यासाठीच त्यांनी एक छोटं विमान ठेवलं होतं. ते मुरमाच्या पट्टीवरही उतरायचं. पट्टीवरच्या शेळ्या तेवढ्या कुणीतरी हाकलाव्या लागत.

हे विमान चालवायचे कॅप्टन वामन तेंडोलकर. हात शांत, बोलणं मोजकं, आणि मनात एक जुनी हौस. आयुष्यात एकदा तरी मोठं प्रवासी विमान आपल्या हातानं उडवावं, असं त्यांना तरुणपणापासून वाटे. ते जमलं नव्हतं. आता निवृत्ती जवळ आली होती आणि हौस काही निवृत्त व्हायला तयार नव्हती.

इकडे आबासाहेबांचंही वय झालं. छोट्या विमानाला इंधनासाठी ठिकठिकाणी उतरावं लागे. अंग आंबून जाई, पाठ धरे. डॉक्टरांनी डोळे वटारले. तेव्हा मुलांनी आणि सल्लागारांनी एक तोड काढली. छोटं विमान विकून टाकायचं आणि मोठं घ्यायचं. मोठं म्हणजे चक्क प्रवासी विमान, फक्त आतून एका मालकासाठी सजवलेलं. एका दमात समुद्र ओलांडणारं.

"कॅप्टन, तुम्ही बघून या," आबासाहेब म्हणाले. "विमानातलं मला काय कळतंय? तुम्ही म्हणाल तसं करू."

तेंडोलकरांना आकाश ठेंगणं झालं. मोठं विमान आलं की ते चालवणार कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

विमान दाखवायला विक्रीचे अधिकारी परवेझ दस्तूर हजर होते. हँगरचं दार बाजूला सरकलं आणि तेंडोलकर जागच्या जागी उभे राहिले. विमानं त्यांनी जन्मभर पाहिली होती. पण हे कुणीतरी आपल्यासाठी पुसून, उजळून समोर आणून ठेवलेलं, असं कधी पाहिलं नव्हतं. पंखाखाली लग्नाच्या मांडवाएवढी सावली पडली होती. इंजिनाच्या तोंडात उंच माणूस ताठ उभा राहिला असता. तेंडोलकरांनी त्या थंडगार पत्र्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. दस्तूर शहाणे होते. ते जिन्यापाशी जाऊन थांबले.

जिना चढून दोघं आत गेले. तेंडोलकरांनी कुणी न सांगता बूट काढले. जिथे एरवी दीडशे माणसं गुडघे आखडून बसतात, तिथे एका माणसाचा संसार मांडला होता. दिवाणखाना होता, जेवायचं मेज होतं, मागे खरोखरीचा पलंग होता. त्याच्याही मागे न्हाणीघर. ढगांच्या वर बसून ऊन पाण्यानं अंघोळ करायची, म्हणजे देवांनाही हेवा वाटावा.

"खाली पोटात, सामानाच्या जागी जादा टाक्या बसवल्यात," दस्तूर म्हणाले. "सकाळी इथून निघा. मध्ये कुठेही उतरायला नको. रात्रीचं जेवण थेट पलीकडच्या किनाऱ्यावर घ्या."

मग ते विमान उडालं. तेंडोलकर चालकांच्या मागच्या खुर्चीवर बसले होते. एवढा मोठा जीव, पण जमीन सुटली तेव्हा धक्का म्हणून बसला नाही. वाटेत काळा ढग लागला. छोट्या विमानाला त्या ढगानं चाळणीतल्या दाण्यांसारखं हलवलं असतं. हे विमान त्यातून नुसतं चालत गेलं. वर आलं तेव्हा चारी बाजूंना निळं आकाश होतं आणि खाली पांढऱ्या ढगांचा माळ पसरला होता. तेंडोलकरांचे डोळे भरून आले. माणसानं हे घडवलं, आणि आपण ते बघायला जिवंत आहोत, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"हे तुमच्याच हातात शोभेल, कॅप्टन," दस्तूर हळूच म्हणाले. "शिकवायची जबाबदारी आमची."

विमान परत उतरलं. दार उघडलं. पण खाली पाऊल टाकता येईना. दार जमिनीपासून चांगलं मजलाभर उंच होतं आणि जिन्याची गाडी अजून यायची होती.

"या विमानाला बाहेरचा जिना लागतो," दस्तूर म्हणाले. "विमानतळावर मिळतोच."

तेंडोलकर उघड्या दारात उभे राहिले. खाली पाहता पाहता त्यांना दूरदेशीच्या त्या पट्ट्या आठवल्या. तिथे जिना कोण आणणार? आणि जिन्याचं राहू द्या, तिथे हे विमान येणार कसं? हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. सकाळपासून ते ठाऊक होतं. त्यांनी फक्त तिकडे पाठ केली होती.

"मुरमाच्या पट्टीवर उतरेल हे?" त्यांनी विचारलं.

दस्तूर विक्रेते होते, पण खोटे नव्हते. "नाही, साहेब. याला लांब आणि पक्की धावपट्टी लागते. वजनच तेवढं आहे. तुम्ही राजधानीत उतरा आणि पुढे मोटारीनं जा."

परतीच्या वाटेवर तेंडोलकरांचं मन वकिली करू लागलं. खोटं कुठे बोलायचंय? विमान उत्तम आहे, हे खरं. एका दमात समुद्र ओलांडतं, हे खरं. आबासाहेबांच्या पाठीला आराम पडेल, हेही खरं. फक्त शेवटचं एक वाक्य गिळायचं. विमानातलं आबासाहेबांना काय कळतंय?

पण पुढचंही त्यांना स्वच्छ दिसत होतं. राजधानीपासून विहीर शेकडो कोस आत. त्या खाचखळग्यांत पाठ धरलेला म्हातारा मोटारीत बसणार नाही. राजधानीतच हारतुरे होतील, भाषणं होतील. ओंजळ कुणीतरी नोकर पिईल, आणि पुढे कुणीच पिणार नाही. छोटं विमान तर तोवर विकलेलं असेल. ही हौस सोडणं तेंडोलकरांना फार जड गेलं.

आबासाहेब ओसरीवर वाटच पाहत होते. "कसं आहे विमान?"

"आबासाहेब, असं विमान मी जन्मात पाहिलं नाही," तेंडोलकर म्हणाले. "घेऊ नका."

मग त्यांनी धावपट्टीचं सगळं सांगितलं. आबासाहेब ऐकत राहिले. त्यांचा हात आपोआप पाठीकडे गेला.

"मग मी जायचं कसं? की आता जायचंच नाही?"

"तुम्ही समुद्र साध्या प्रवासी विमानानं ओलांडा. आडवं व्हायची जागा घ्या आणि झोपून जा. आपलं छोटं विमान मी आधीच पलीकडे नेऊन ठेवतो. तिथून विहिरीपर्यंत मी आहेच."

"म्हणजे सगळे थांबे तुम्ही सोसणार."

"मला सवय आहे."

आबासाहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला ते विमान चालवायचं होतं."

"होतं," तेंडोलकर म्हणाले. "अजून आहे."

"म्हणूनच तुम्हाला धाडलं. पोरं म्हणत होती, कॅप्टनला कशाला पाठवताय, त्यांचा जीव आधीच त्यात अडकलाय. मी म्हटलं, ज्याला नकोच आहे त्याच्या 'नाही'ला काय अर्थ? ज्याचा जीव अडकलाय तो 'नाही' म्हणाला, तर मला पुढे काही विचारायचं उरत नाही."

"आणि मी 'हो' म्हणालो असतो तर?"

"तर घेतलं असतं. विमान आलं असतं, कॅप्टन, आणि भरवशाचा माणूस गेला असता."

दुसऱ्या दिवशी दस्तूरांना नकार कळवायचा होता. तो तेंडोलकरांनी स्वतः फोन करून कळवला. नकार दोन वाक्यांत संपला. त्यानंतर मात्र ते दोघं कितीतरी वेळ त्या विमानाविषयीच बोलत राहिले.

तात्पर्य: भव्य गोष्ट पाहून थक्क होण्यात कमीपणा नाही, पण दुसऱ्यासाठी पारख करायला गेलेल्या माणसानं आपल्या हौसेला त्याची गरज म्हणू नये.