विरजण सालूचं, म्हस आक्काची

गावरान बियाण्यांच्या बँकेत तीनशे वाणांची माहिती कॉम्प्युटरात भरायची होती बघा. अध्यक्ष विमलताईंनी त्यासाठी फुकटचा, कुणीही वापरावा-सुधारावा असा ओपन सोर्स डेटाबेस निवडला. तर दुसऱ्या दिवशी डेटाबेस विकणाऱ्या कंपनीचे कुलथेसाहेब टाय आवळत हजर.

"ताई, त्याचं लायसन वाचलंत का? त्यात भराल ते सगळ्या जगाचं होतं. वाण गेले म्हणून समजा. आमचा डेटाबेस घ्या, इथं सही करा."

ताईंनी घाबरून पेन उघडलं. बँकेला बियाणं देणारी गोदाक्का शेजारीच बसली होती, तिच्या आजीचा काळा भात त्या वाणांतच होता. पण लायसन तिनं नातीकडून दोनदा वाचून घेतलं होतं. तिनं साहेबांपुढं ताकाचा पेला ठेवला.

"कसं झालंय?"

"फक्कड."

"विरजण शेजारच्या सालूचं हाय. मग माझी म्हस सालूची झाली म्हणायची?"

साहेब खो खो हसले. "अहो आक्का, विरजणापायी कुणाची म्हैस जाते का?"

"लायसनात तेच लिवलंय. डेटाबेस म्हंजी विरजण, वाण म्हंजी आमची म्हस. विरजण सुधारून पुढं वाटलं, तर सुधारणा लपवायची न्हाई, एवढीच अट."

ताईंनी पेनाला टोपण लावलं. साहेब मिशी पुसत उठले, दारात घुटमळले. "आक्का, जरा विरजण मिळेल?"

"न्या की. म्हस तेवढी ठेवून जावा."