तोसेची शाल

जपानमधल्या एका डोंगराळ खेड्यात गेंझो नावाचा म्हातारा डोंगरावरच्या भट्टीत लाकडाचा कोळसा पाडून पोट भरत असे. घरात तो आणि त्याची बायको तोसे, दोघंच. परसात एक फळझाड होतं. त्याची केशरी फळं सोलून, दोरीला बांधून तोसे वळचणीला वाळत घाली. बर्फ पडू लागला की दोघांची बरीचशी गुजराण त्या फळांवरच होई.

त्या वर्षी माकडांच्या टोळीने निम्मी फळं पळवली. गेंझोने वैतागून कुंपणाशी सापळा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात एक माकडीण अडकलेली दिसली. तिच्या एका हाताची बोटं चिरडली होती आणि पोटाला पिल्लू बिलगलं होतं.

गेंझोने दांडकं उचललं. तोसे मध्ये आली.

"अहो, लेकुरवाळी आहे ती."

"आणि आपण हिवाळाभर काय खायचं?"

"तिनं खाल्लं ते माझ्या वाटणीचं होतं, असं समजा. मी अर्धपोटी राहीन."

गेंझोने दांडकं टाकलं, पण मदतीला काही तो आला नाही. तोसेने एकटीनेच सापळा उघडला. घाबरलेली माकडीण तिच्या मनगटाला कडकडून चावली. तरी तोसेने तिला आपल्या शालीत गुंडाळलं, लाकडांच्या खोपीत नेलं, जखमेवर पाला वाटून बांधला, रोज मुळे-रताळी खाऊ घातली. जखम भरल्यावर खोपीचं दार उघडलं. माकडीण पिल्लाला घेऊन रानात निघून गेली. तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"बघितलंस? असं असतं जनावर," गेंझो म्हणाला.

"असू दे. चालायला लागली, एवढं पुरे," तोसे म्हणाली.

हिवाळा आला. बोलल्याप्रमाणे तोसे अर्धपोटी राहू लागली. गेंझोने आपल्यातलं पुढे केलं तरी ती घेईना. तिचे गाल बसले. ते बघून गेंझोच्या घशाखाली घास उतरेना. एके दिवशी आभाळ भरून आलं असतानाही तो डोंगरावरच्या भट्टीकडे निघाला. तिथला कोळसा आणून विकला, तर थोडे तांदूळ घेता येणार होते. तोसेने आपली शाल काढून त्याच्या अंगाभोवती लपेटली.

वाटेतच हिमवादळाने त्याला गाठलं. पाय घसरून तो घळीत पडला आणि त्याचा घोटा मोडला. कसाबसा सरपटत तो एका कपारीत शिरला. हाका मारून मारून आवाज बसला. हातपाय बधिर झाले. तोसे दारात उभी राहून वाट बघत असेल, एवढंच त्याच्या मनात येत होतं.

तेवढ्यात बर्फातून माकडांची टोळी कपारीशी आली. सगळ्यांत पुढे वाकड्या बोटांची ती माकडीण होती. आता ही सूड घेणार, असं गेंझोला वाटलं. तो डोळे मिटून पडून राहिला. माकडीण जवळ आली. तिने शाल हुंगली, पुन्हा हुंगली, आणि पिल्लासकट त्याच्या छातीला चिकटून बसली. मग एकेक करत सगळी टोळी त्याला बिलगली.

सकाळी तोसे गावकऱ्यांना घेऊन शोधत आली, तेव्हा कपारीत माकडांचा ढीग दिसला. माणसांची चाहूल लागताच माकडं पांगली. खाली गेंझो होता. जिवंत होता, आणि त्याचं अंग कोमट होतं.

तोसे त्याचे हात चोळू लागली. गेंझोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ती माझ्यासाठी नाही आली, तोसे. शालीला तुझा वास होता. ती तुझ्यापाशी येऊन बसली."

"बरं झालं की," तोसे डोळे पुसत म्हणाली. "मला यायला फार उशीर झाला असता."

तात्पर्य: मुक्या जिवावर केलेली माया वाया जात नाही. ती परत येते तेव्हा करणाऱ्यालाच नव्हे, त्याच्या माणसांनाही जपते.