दोरीवरची म्हातारी

"धिंगाणा नाही तर काय म्हणायचं याला, बुवा?" मठाचा कारभारी नीळकंठ ओसरीवर न टेकताच म्हणाला.

ओढ्यापलीकडं, मठाच्या जागेत, दोरीवर चालणाऱ्या खेळकऱ्यांची पालं पडली होती. सकाळपासून तिथं हलगी कडाडत होती. माणसं नाचत होती. आणि मधोमध त्यांच्यातल्या म्हातारीचं मढं.

"दिवस मावळायच्या आत पालं उचलायला लावतो. तुमचा तेवढा होकार द्या."

भानगिरी बुवा वाती वळत बसले होते. त्यांनी कापूस मांडीवर ठेवला.

"धिंगाणा म्हणजे काय रे? तू शिकलेला."

"रीतभात सोडून केलेला दंगा. आणि मढ्यापुढं नाचायचं म्हणजे तर..."

"उत्सवात पालखीपुढं तूही नाचलास की. पागोटं पडलं, तेही कळलं नाही तुला."

"ती भक्ती, बुवा."

"म्हणतं कोण?"

नीळकंठ घुटमळला. "आपणच... म्हणतो."

"हं."

पलीकडं हलगी जराही अडखळत नव्हती.

"निदान वाजवणं तरी बंद करायला सांगू? रडायचं सोडून..."

"वाजवतोय तो यल्लू. तिचा लेक. रडतोय तर तो सकाळपासून. हात तेवढे थांबवत नाही."

"का पण?"

"त्यांच्यात तसं आहे. दोरीवर माणूस आहे तोवर हलगी थांबवायची नाही. थांबली की पाय चुकतो. म्हातारी जन्मभर त्या आवाजावर चालली."

"पण आता ती गेली ना, बुवा?"

"निघालीय. पोचायची आहे अजून."

नीळकंठाला काही उमगेना. त्यानं पलीकडं पाहिलं. तिरडी उचलली होती. यल्लू तिच्यापुढं उलटा चालत होता, तोंड आईकडं करून. वाजवत.

नीळकंठानं एक पाय पायरीवर ठेवला. पालं उठवायला आला होता, आणि आता पायरी उतरावी की वर बसावं, तेही त्याला ठरवता येईना.

"मग मी... त्यांना काय सांगू?"

बुवांनी कापूस पुन्हा हातात घेतला. वात काही वळेना...

"सांगू नको काही. यल्लूला एवढं विचार," बुवा म्हणाले, "माझ्या वेळेला हलगी घेऊन येशील का."